बारावं मशीन घ्यायचं राहिलं: वाळूजच्या एका सीएनसी शॉपचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या घरच्याच शॉपचं आहे, माझ्या मामांच्या, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या. शॉपचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, कुणाचंच देत नाही, गरजही नाही, कारण वाळूज म्हणा चिकलठाणा म्हणा शेंद्रा म्हणा, असलं पत्र्याचं शेड तुम्हाला गल्लोगल्ली सापडंल. १९८५ ला बजाज वाळूजला आली, तिच्यामागं व्हेंडर आले, व्हेंडरच्या मागं जॉबवर्कवाले आले, त्या साखळीच्या शेवटच्या कडीतले आम्ही. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं मशीन. आमची ११ मशिनं: सात टर्निंग सेंटर (जॉब, म्हणजे कापायचा भाग, फिरवून कापणारी), तीन व्हीएमसी (टूल फिरवून कापणारी), एक जुनं ड्रिलिंग-टॅपिंग. दोन शिफ्ट, ३४ माणसं. निम्मी पोरं रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगरमध्ये भाड्यानं राहतात, बाकीची गंगापूर, पैठणकडून रोज गाडीवर येतात. १ एप्रिल २०२५ पासून सरकारनं मर्यादा वाढवली, अडीच कोटी गुंतवणूक अन् १० कोटी उलाढाल, त्यात आम्ही अजून 'सूक्ष्म' उद्योगातच मोडतो. हे आधी सांगतोय कारण स्मार्ट फॅक्टरीवरच्या भाषणांमध्ये जी उदाहरणं देतात ती मोठ्या कंपन्यांची असतात, शंभर-शंभर रोबोट असलेल्या, अन् आमच्यासारखा माणूस ऐकून घरी येतो अन् परत वहीत प्रॉडक्शन लिहायला लागतो.

प्रश्न काय होता

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. गिऱ्हाइकाचं शेड्यूल वाढलं होतं, आमचं डिस्पॅच दर आठवड्याला मागं पडायचं, रविवारी पण डबल लावून पोरं बोलवावी लागायची. मामांचं ठरलं होतं, अजून एक टर्निंग सेंटर घ्यायचं, २२ लाखांचं कोटेशन टेबलावर होतं अन् बँकेतून फोन पण येऊन गेला होता. मी तेव्हा शेंद्र्याला एका मोठ्या प्लांटमधली सहा वर्षांची मेंटेनन्सची नोकरी सोडून मामांकडं आलो होतो. मी विचारलं, मामा, आहेत ती मशिनं किती टक्के चालतात? मामा म्हणले, "अरे पंच्याऐंशी तर कुठंच नाही गेले, तू स्वतः बघतोयस ना, एक तरी मशीन उभं दिसतंय का?"

अन् खरंच दिसत नव्हतं. मामा शेडमध्ये चक्कर मारायचे तेव्हा सगळी मशिनं चालू असायची. मालक यायलाय म्हणल्यावर कोण उभं राहील. शिफ्टची वही बघितली तर त्यात दर तासाला गोल आकडे, ६०, ६०, ६०, अन् शाई पण एकाच बैठकीतली, शिफ्ट सुटताना भरलेली. यात पोरांचा दोष मी मानत नाही, तासाला थांबून वही लिहायची म्हणजे मशीन उभं करायचं, ते त्यांनी केलं असतं तर त्याची पण बोलणी खाल्ली असती.

मग मी मामांना एवढंच म्हणलं, तीन महिने द्या, मशिनं जोडून खरा आकडा काढतो, मग घ्यायचं तर घ्या.

जोडायचं म्हणजे नेमकं काय केलं

'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ ला जर्मनीत हॅनोव्हरच्या प्रदर्शनात आला, आपल्याकडं ऑरिकचा (शेंद्र्याकडच्या नव्या औद्योगिक शहराचा) हॉल ७ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला तेव्हापासून संभाजीनगरच्या प्रत्येक सेमिनारमध्ये तो आहे, पण शेडमध्ये उतरल्यावर त्याचा अर्थ फार साधा निघतो: मशीन चालू आहे का बंद, किती पीस झाले, अन् बंद असेल तर का. या तीन गोष्टी माणसाला न विचारता कळायला पाहिजेत. तिसरी गोष्ट माणसाला न विचारता कळत नाही, हे आम्हाला नंतर उमगलं, त्यावर पुढं येतो.

आधी एक सॉफ्टवेअरवाले येऊन गेले. त्यांचं प्रेझेंटेशन चांगलं होतं, पण दर मशीनमागं दरमहा भाडं, अन् मशिनं नवीन कंट्रोलरची पाहिजेत ही अट. आमच्या ११ पैकी फक्त चार मशिनांना नेटवर्कचा पोर्ट होता. पाचांना आरएस-२३२ हा जुन्या पद्धतीचा पोर्ट होता, जो आम्ही प्रोग्रॅम टाकायला वापरायचो, अन् दोन मशिनांना तर तेही नाही. म्हणून आम्ही उलट्या बाजूनं गेलो. मशीनवर जो तीन रंगांचा टॉवर लॅम्प असतो त्याला २४ व्होल्ट येतात, हिरवा लागला की मशीन सायकलमध्ये. त्या वायरीवरून ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल पलीकडं देणारा छोटा भाग) टाकून सिग्नल घेतला. सायकल संपली की एम-३० (प्रोग्रॅम संपल्याचा कोड) येतो, त्याच्या रिलेवरून पीस मोजले. अन् स्पिंडल (मशीनचा मुख्य फिरणारा दांडा) फिरवणाऱ्या ड्राइव्हच्या केबलवर एक सीटी क्लॅम्प, म्हणजे करंट मोजणारी कडी, जी केबल न कापता वरून बसते. हे सगळं एका छोट्या कंट्रोलर बोर्डात अन् तिथून एमक्यूटीटीनं ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर. एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ ला तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटवरून नजर ठेवायला बनवली होती, बारीक लाइनवरून छोटे छोटे निरोप जावेत म्हणून, त्यामुळं आमच्या लंगड्या इंटरनेटला पण ती झेपते. सगळा खर्च धरून २ लाखांच्या थोडा आत.

पहिला महिना नुसता दुरुस्तीत गेला. पत्र्याचं शेड, त्यात ड्राइव्हचा नॉइज, बाजूच्या प्लॉटमध्ये वेल्डिंग, वायफाय सारखं तुटायचं. लाइट गेली की राउटर बंद अन् मधला डाटा गायब, अन् नेमका तोच डाटा तर पाहिजे होता. शेवटी शिल्डेड केबल ओढून आरएस-४८५ या वायरच्या लाइनवर आणलं, राउटरला छोटा यूपीएस लावला, अन् बोर्डात असं केलं की लाइन तुटली तर निरोप स्वतःकडं साठवायचे अन् परत जोडलं की वेळेसकट पाठवायचे. पुढं मे महिन्यात अजून एक शिकलो. बाहेर ४२ डिग्री, पत्र्याखाली त्याहून जास्त, अन् मी गेटवेची, म्हणजे बोर्डांचे निरोप पुढं पाठवणारी, पेटी 'कुणाचा हात लागू नये' म्हणून वर पत्र्यालगत ठोकली होती. रोज दुपारी दोनच्या सुमारास हँग. खाली आणून पॅनलच्या फॅनपाशी बसवली, बंद झालं. मराठवाड्यात ज्याला कुणाला हे करायचंय त्यानं पेटीची जागा आधी ठरवावी.

आकडा आला तेव्हा

शिफ्ट ८ तासांची, जेवण-चहाची ३० मिनिटं सोडली तर ४५० मिनिटं. पहिल्या तीन आठवड्यांच्या नीट डाटात मशिनं सरासरी ५८ टक्के वेळ चालत होती. वेग ठरलेल्या सायकलच्या ९१ टक्के, चांगले पीस ९८ टक्के. तिन्ही गुणले की ५१.७. यालाच ओईई म्हणतात, जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएम या मशीन-देखभालीच्या पद्धतीत आणलेलं माप, त्यात ८५ ला उत्तम धरतात. मामांनी तो कागद दोनदा बघितला अन् काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आले अन् म्हणले, "सगळ्यांना दाखव, टीव्हीवर लाव."

इथं आमची मोठी चूक झाली, अन् ती मी अडवायला पाहिजे होती. टीव्हीवर मशीन नंबरसोबत ऑपरेटरचं नाव लावलं, अन् मामांनी जाहीर केलं की आठवड्यात ज्याचा आकडा सगळ्यात जास्त त्याला ५०० रुपये. ज्याचा सगळ्यात कमी त्याला केबिनमध्ये बोलवायचे.

पंधरा दिवसांत आकडे सुंदर झाले. ६ नंबरचं मशीन ९४ टक्के हिरवं. फक्त डिस्पॅच तेवढंच. मी पीस काउंट लावून बघितला तर तो पण वाढलेला, अन् फिनिश माल मोजला तर तेवढाच, काहीच जुळेना. मग सीटीचा ग्राफ उघडला. त्या जॉबला कटिंग चालू असताना ९ ते १० अँपिअर दिसायचा, अन् रात्री साडेअकरा ते साडेबारा सलग ३ अँपिअर. म्हणजे चकात (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) जॉबच नव्हता. दार लावून हवेत सायकल चालवलेली, टूल येतंय जातंय, स्पिंडल फिरतंय, एम-३० येतोय, हिरवा दिवा लागलाय, अन् कापायला लोखंड नाही.

त्या पोराला मी एकट्याला भेटलो, चहाच्या टपरीवर. गंगापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला, हाताला चांगला. खाली मान घालून म्हणला, "सर, इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) तुटला होता. स्टोअरला कुलूप, चावी सुपरवायजरकडं, ते दहाला घरी गेले. मी काय करू? मशीन उभं ठेवलं की लाल माझ्या नावावर पडतंय."

मला त्याच्या एका वाक्यात ते सगळं मिळालं जे तीन महिन्यांच्या ग्राफमध्ये नव्हतं. मशीन थांबलंय हे सेन्सर सांगतो. का थांबलंय हे फक्त त्याच्यासमोर उभ्या माणसाला माहीत असतं, अन् तो तेव्हाच खरं सांगतो जेव्हा सांगण्यानं त्याचं नुकसान होत नाही. याच्यानंतर मामांशी माझं जरा जोरात बोलणं झालं, घरी मामीपर्यंत गेलं, पण मामा मोठ्या मनाचे, सोमवारी स्वतः शेडमध्ये उभे राहून म्हणले, नावं काढली, बक्षीस बंद, केबिन बंद, आता फक्त थांब्याचं कारण दाबायचं.

सहा बटणं

कारण नोंदवायला आधी एक टॅबलेट लावला होता, त्यात इंग्रजीत २४ कारणं. कूलंटनं माखलेल्या हाताला टच स्क्रीन दाद देत नाही, अन् ज्याला दाद दिली तो यादीतलं पहिलंच कारण दाबून मोकळा. ते काढलं. आमचे सेटर (मशीनवर नवीन जॉब लावून देणारे) चाचा, २० वर्षांपासून इथं आहेत, त्यांनी सांगितलं पॅनलवर असतात तसली दाबायची बटणं लाव, तेलकट हातानं पण दबतात. सहा बटणं लावली, मराठीत लिहून: मटेरियल नाही, इन्सर्ट/टूल, फर्स्ट पीस, सेटिंग, मेंटेनन्स, लाइट. कोणतं ठेवायचं कोणतं नाही हे चाचा अन् पोरांनीच ठरवलं. मशीन तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की पिवळा दिवा लुकलुकतो, बटण दाबलं की विझतो. एवढंच.

महिनाभरात चित्र उघडं पडलं. दिवसाला सरासरी नऊ सेटिंग बदलायचो. प्रत्येक सेटिंगनंतर पहिला पीस तपासून ओके मिळेपर्यंत मशीन उभं, अन् तो ओके यायला सरासरी ३५ मिनिटं, कारण क्वालिटीचा माणूस एक, त्याची खोली शेडच्या त्या टोकाला, अन् तोच डिस्पॅचचे रिपोर्ट पण करायचा. नऊ गुणिले ३५, म्हणजे ३१५ मिनिटं. इन्सर्टच्या वाटेत दिवसाला २३० मिनिटांच्या आसपास, त्यातली बहुतेक सेकंड शिफ्टची. दोन्ही मिळून ५४५. आता नवीन मशीन घेतलं असतं तर ते दोन शिफ्टमध्ये, ९०० मिनिटांत, आमच्याच ५८ टक्क्यांनी किती चाललं असतं? ५२२ मिनिटं. म्हणजे २२ लाखांचं मशीन जेवढं चाललं असतं त्यापेक्षा जास्त वेळ आमचा एका कुलपात अन् एका खोलीत जात होता. मामांनी त्याच दिवशी बँकेला नको कळवलं.

दुरुस्ती सांगायला पण लाज वाटावी इतकी साधी आहे. सेकंड शिफ्टच्या सीनियर ऑपरेटरकडं इन्सर्टची एक पेटी, नग मोजून, जुना दिला की नवा. अन् फर्स्ट पीससाठी लागणारी गेजं, मायक्रोमीटर, एअर गेज शेडच्या मधोमध एका टेबलावर, ठरलेल्या जॉबांना सेटरनंच ओके द्यायचा, क्वालिटीवाला फक्त नवीन जॉब अन् अवघड मापं बघणार. गिऱ्हाइकाच्या ऑडिटरला हे पटवायला दोन फेऱ्या झाल्या, पण पटलं. चार महिन्यांत चालू वेळ ५८ वरून ७१ टक्क्यांवर गेली.

मग पैसे का दिसेनात

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही सेमिनारमध्ये टाळ्या घेईल. पण मामा वहीवाले माणूस, त्यांनी विचारलं, "मशीन जास्त चालायलंय, मग खात्यात का कमी व्हायलंय?" अन् ते खरं होतं.

टर्निंगमधून आता दिवसाला १,४५० पीस निघत होते. पण त्यानंतर बर (कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कूस) काढायचं टेबल, तिथं तीन ताया हातानं डीबरिंग करतात, त्यांची ताकद दिवसाला १,१०० ची. रोज ३५० पीस टेबलाशेजारी क्रेटमध्ये साठायचे. १२ दिवसांत ४,२००. फोर्जिंग (ठोकून घडवलेला कच्चा भाग) आम्ही स्वतःच्या पैशानं घेतो, पीसमागं ७० रुपये धरले तर जवळपास ३ लाख रुपये क्रेटमध्ये पडून. फोर्जिंगवाल्याला पैसे लवकर द्यायचे, गिऱ्हाइकाकडून उशिरा येणार. आयकराच्या ४३बी(एच) कलमानं २०२३-२४ पासून सूक्ष्म अन् लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा दबाव खरेदीदारावर आलाय, त्याचा आम्हाला फायदा झाला हे मी मान्य करतो, पण जो माल गेटबाहेरच गेला नाही त्याचं बिल कुठून होणार. सगळी मशिनं जोडली होती, ते एक टेबल जोडलेलं नव्हतं, कारण तिथं मशीनच नाही. टीव्हीवर ते दिसतच नव्हतं. ज्या जागेवर माल अडला तिथंच आमची नजर नव्हती, अन् आम्ही वरच्या नळाला अजून मोठा करत बसलो होतो.

उपाय चाचांनी काढला. ज्या दोन जॉबांची बर जास्त यायची त्यांच्या प्रोग्रॅममध्येच शेवटी एक चॅम्फर पास (कडा तिरकी कापणारी फेरी) टाकला, सायकल ११ सेकंदांनी वाढली, पण हातानं करायचं काम निम्म्यावर आलं. सिस्टिममध्ये सायकलचा जुनाच वेळ होता म्हणून वेगाचा आकडा पडला, ओईई खाली, टीव्हीवर दोन मशिनं लाल. अन् त्याच महिन्यात डिस्पॅच आमच्या शॉपच्या इतिहासात सगळ्यात जास्त. मी नंतर सायकलचा वेळ दुरुस्त केला, पण ते लाल रंगातलं स्क्रीन मी मुद्दाम फोटो काढून ठेवलंय. मशीनचा आकडा अन् धंद्याचा आकडा वेगळ्या दिशेला गेलेले त्यात दिसतात, अन् ज्यानं फक्त पहिला बघितला असता त्यानं चाचांचा पास काढून टाकला असता.

त्यानंतर आम्ही टीव्हीवर सगळ्यात वर एकच आकडा ठेवला, आज गेटबाहेर किती पीस गेले. त्याखाली डीबरिंगच्या टेबलापाशी किती क्रेट आहेत, जे तिथली एक ताई बटण दाबून सांगते. ओईई सगळ्यात खाली.

कॉम्प्रेसरचं सापडलं ते वेगळंच. त्याला सहज म्हणून मीटर लावला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं बंद अन् कॉम्प्रेसर दोन मिनिटं लोड, पाच मिनिटं अनलोड. कुणी हवा वापरत नसताना तो सातातली दोन मिनिटं राबतोय म्हणजे २८ टक्क्यांच्या वर हवा गळतीत. ही काही आमचीच गोष्ट नाही, नीट न सांभाळलेल्या लाइनीत २० ते ३० टक्के गळती सर्रास असते. एका रविवारी चौघं जण स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन पूर्ण लाइन फिरलो, जिथं फुगा येईल तिथं खडूनं गोल. एअर गनचे जुने पाइप, दोन एफआरएल (हवा गाळून दाब नेमका ठेवणारे भाग), अन् भिंतीमागचा एक वॉल्व्ह ज्याचा आवाज मशिनांच्या आवाजात कधी ऐकूच आला नसता. आता त्याच परीक्षेत सहा मिनिटांत ४० सेकंद लोड येतो, म्हणजे ११ टक्के.

वर्षाचा हिशोब

रविवारचं डबल बंद झालं, हे सगळ्यात मोठं, पैशानं पण अन् माणसांनी पण. कर्ज घेतलं नाही. वेळेवर माल गेल्यानं गिऱ्हाइकाकडचं आमचं रेटिंग सुधारलं अन् त्यामुळं एक नवीन जॉब मिळाला. रिजेक्शन मात्र होतं तिथंच, चांगले पीस ९८ टक्क्यांचे ९८ टक्केच, कारण आम्ही जोडलं त्यातलं काहीच माप घेत नव्हतं. विजेच्या बिलात फरक आहे पण तो किती कॉम्प्रेसरचा अन् किती रविवार बंद झाल्याचा हे वेगळं करता येत नाही. अन् एक गोष्ट सरळ सांगायला पाहिजे: त्या वर्षी शेड्यूलच वाढलेलं होतं, म्हणून वाढलेल्या उलाढालीचं श्रेय सगळं सेन्सरला देणं बरोबर होणार नाही. मागणी नसती तर ७१ टक्क्यांनी आम्ही फक्त क्रेट भरले असते.

अडलंय कुठं ते पण सांगतो. ७१ च्या वर आकडा जात नाहीये. सध्या सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण 'मटेरियल नाही' आहे, अन् ते फोर्जिंगवाल्याकडं जातं, त्याचं शेड आमच्यापासून चार गल्ल्या सोडून. त्याच्याकडं काहीच जोडलेलं नाही, तो पण वहीत गोल आकडे लिहितो. मागच्या आठवड्यात मामा स्वतः त्याच्याकडं जाऊन आले, सोबत चाचांना नेलं. दोन बोर्ड माझ्याकडं जास्तीचे आहेत, अन् त्या गंगापूरच्या पोरानं ते सोल्डर करून तयार ठेवलेत. फोर्जिंगवाला एवढंच म्हणला, लावा, पण माझ्या माणसांची नावं टीव्हीवर नको.